न वाचलेला ठराव

सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी सभा मोडली. पक्षाच्या कार्यकारिणीत त्रेपन्न सभासद, त्यांपैकी एकावन्न हजर. बावीस जण उठून गेले, एकोणतीस बसून राहिले. एक मायक्रोफोन तुटला, चहाचा ट्रे उलटला आणि खजिनदाराच्या चष्म्याची एक काडी निघाली. दुखापत कोणालाही झाली नाही. बारा वाजून पाच मिनिटांनी, उरलेल्या एकोणतिसांसमोर, उपाध्यक्षांनी आपली अध्यक्षपदी एकमताने निवड झाल्याचे जाहीर केले.

एकमताने म्हणायला त्यांच्याकडे आधार होता. इतिवृत्ताच्या वहीत, पान एकशे अठ्ठ्याऐंशीवर, ठराव क्रमांक एक स्वच्छ अक्षरात लिहिलेला होता: ही सभा उपाध्यक्षांची अध्यक्षपदी एकमताने निवड करीत आहे आणि उमेदवार ठरवण्याचे सर्व अधिकार त्यांना देत आहे. त्याखाली एकावन्न सह्या होत्या. उठून गेलेल्या बावीस जणांच्यासुद्धा. त्या बावीस जणांच्या पुढारी होत्या बाई, पूर्वाश्रमीच्या शिक्षिका आणि दोनदा मंत्री. त्यांची सही वरून तिसरी होती, ठसठशीत, खाली दोन रेघा मारलेली.

हा ठराव सभेत मांडलाच गेला नव्हता. तो लिहिला गेला तेव्हा सभागृहात खुर्च्या लावणारे दोघे सोडून कोणी आलेले नव्हते.

वही लिहिणाऱ्याला पक्षात सगळे वहीकाका म्हणत. वय त्रेसष्ट. आदल्या संध्याकाळी उपाध्यक्षांच्या कचेरीतून ठरावांचा कागद आला, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी त्यांनी तो वहीत उतरवून काढला, साडेदहाला दारातल्या टेबलावर वही उघडून ठेवली आणि येणारा प्रत्येक जण सही करून आत गेला. कोणीही वाचले नाही. गेली एकोणीस वर्षे कोणी वाचत नव्हते. फरक एवढाच की या वेळी आत गेल्यावर अध्यक्षपदावरून भांडण झाले.

बाहेरच्याला हा प्रकार आधी कळस मग पाया असा वाटेल. त्याची सुरुवात मात्र सरळ होती.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी एका मोठ्या इमारतीचे रंगकाम चालू असताना कुजक्या शिड्यांवरून एका महिन्यात तीन रंगारी पडले. मुकादमाने शिड्या बदलल्या नाहीत, रंगारी बदलले. तेव्हा अकरा जण एका लाँड्रीच्या माडीवरच्या खोलीत जमले. दहा भिंती रंगवणारे आणि एक दुकानांच्या पाट्या रंगवणारा. पाट्यावाला सगळ्यांत लहान, बावीस वर्षांचा. पण अक्षर त्याचेच बरे होते, म्हणून वही त्याच्या हाती आली. पक्षाची निशाणी शिडी ठरली. दुसरे काही सुचण्याचे कारणच नव्हते.

सभा कशी चालवतात हे अकरांपैकी एकालाही माहीत नव्हते. पहिल्या दोन सभा नुसत्या एकमेकांवर ओरडण्यात गेल्या. त्यावर म्होरक्या रंगाऱ्याने, जो पुढे पक्षाचा पहिला अध्यक्ष झाला, आपल्या धंद्यातली रीत लावून दिली.

"भिंतीला पहिला हात मारल्याशिवाय कुठं उघडं राहिलं ते दिसतं का?" तो म्हणाला. "तू आधी ठराव लिहून आणत जा. वाच. ज्याला जिथं उघडं दिसेल तो बोट ठेवील. तिथं दुसरा हात मारायचा. मग सह्या."

त्याप्रमाणे चालू लागले. ठराव सभेआधी लिहायचा, सभेत मोठ्याने वाचायचा, हरकत आली की तिथल्या तिथे खोडून नवा मजकूर भरायचा आणि मग सह्या घ्यायच्या. पहिल्या वहीत एकही पान कोरेकरकरीत नाही. तिसऱ्या वहीत, निवडणूक लढवावी की नाही या ठरावात, मूळ वाक्यातला फक्त "ही सभा" एवढा भाग शिल्लक राहिला. सातव्या वहीत पक्षाचे दोन जण निवडून आले. बाराव्या वहीत सरकारला पाठिंबा द्यायचा की नाही यावर सभा तीन दिवस चालली. ठराव पाच वेळा खोडला गेला आणि शाई मागच्या पानावर उतरली. त्या पाठिंब्याच्या बदल्यात जो कायदा झाला, त्यामुळे आज बांधकामावर परांचीला लोखंडी कठडा दिसतो. कठड्याला हात लावून काम करणाऱ्यांपैकी कितींना त्या पानाची कल्पना असेल, सांगता येत नाही.

अठराव्या वहीत पक्षाचे स्वतःचे सरकार आले. कार्यकारिणी पंधराची त्रेपन्न झाली. वकील आले, प्राध्यापक आले, ठेकेदार आले. एकविसाव्या वहीनंतर सह्यांमध्ये एकही रंगारी सापडत नाही. वहीकाका होते, पण लेखनिकाला मत नसते. खाडाखोड कमी होत गेली: वहीत तीस ठिकाणी, मग नऊ, मग दोन. शेवटची खोडलेली ओळ चोविसाव्या वहीत आहे, पान एकसष्टवर. त्यानंतरच्या सतरा वह्या छापल्यासारख्या स्वच्छ आहेत.

सभा मोडल्याच्या चौथ्या दिवशी दोन्ही गटांनी निवडणूक मंडळाकडे अर्ज केले. दोघांचे म्हणणे एकच: पक्ष आम्ही, शिडी आमची. सार्वत्रिक निवडणूक चार महिन्यांवर होती आणि शिडी ज्याच्याकडे त्याला निम्मी मते न मागता पडत, हे लहान पोरही सांगेल. उपाध्यक्षांच्या अर्जाला पान एकशे अठ्ठ्याऐंशीची छायाप्रत जोडलेली होती. बाईंच्या अर्जात लिहिले होते की सह्या खऱ्या, पण ठराव सभेत आलाच नाही. सुनावणी तीन आठवड्यांनी ठेवली गेली. साक्षीदार एकच: वही लिहिणारा.

उपाध्यक्ष दुसऱ्याच दिवशी वहीकाकांच्या खोलीत आले. पक्षाच्या कचेरीच्या मागच्या बाजूला ही दहा बाय बाराची खोली. एक खिडकी, दोन लोखंडी कपाटे, कपाटांत चाळीस वह्या आणि टेबलावर एक्केचाळिसावी. उपाध्यक्ष पेशाने इंजिनीअर, बोलणे मोजके.

"काका, बसा बसा. मी उभाच बरा," ते म्हणाले. "तुमच्यावर कसलंही दडपण नाही. वही तुमची, अक्षर तुमचं, सह्या त्यांच्या. एवढंच सांगायचं. खोटं एक अक्षर बोलू नका."

"आणि कधी लिहिलं असं विचारलं तर?"

"सभेच्या दिवशी लिहिलं. खोटं आहे का?"

"नाही."

"मग झालं." ते दारापर्यंत गेले आणि थांबले. "ताईंच्या वॉर्डातलं पाइपलाइनचं काम कुठवर आलं?"

"अर्ध्यावर."

"छान काम करतात. पुढच्या यादीत त्यांचं नाव मी वर धरलंय."

ताई म्हणजे वहीकाकांची मुलगी. वय चौतीस, तीन वर्षांपूर्वी शिडीच्या निशाणीवर नगरसेविका झालेली, दोनशे बारा मतांनी. उमेदवारी बापाच्या वशिल्याने मिळाल्याचे विरोधक म्हणत. पण त्याआधीची नऊ वर्षे ती लोकांच्या तक्रारी लिहून घेत दारोदार हिंडली होती, हे तेही नाकारत नसत. वॉर्डातल्या तीनशे चाळीस घरांना टँकरऐवजी नळ मिळायचे होते. एकशे साठ घरांपर्यंत पाइप पोचला होता.

बाई आल्या अर्जानंतर पाचव्या दिवशी, एकट्या, स्वतः गाडी चालवत.

"सही मी केली, हो केली," खुर्ची ओढत त्या म्हणाल्या. "दारात उभ्या उभ्या केली. पार्सल घेताना करतो तशी. म्हणून काय मी माझ्याच गळ्याला दोर लावला?"

"बाई, तुम्ही वाचायला हवं होतं."

"तुम्ही सांगायला हवं होतं. इतकी वर्षं ओळखता मला."

"मी कोणाला सांगतो? बोलायचं कामच नाही माझं."

"आता आहे. मंडळासमोर एवढंच सांगा की ठराव आधी लिहिलेला होता आणि सभेत वाचला नाही. दोन वाक्यं."

वहीकाका उठले. कपाटातून चोविसावी वही काढून त्यांनी पान बासष्ट उघडले आणि बाईंपुढे ठेवले. बाईंनी चष्मा लावला. पानावर एकच ठराव होता: मंत्र्यांचा वेळ वाचावा यासाठी यापुढे ठराव सभेत वाचण्यात येऊ नयेत व सह्या प्रवेशद्वारीच घेण्यात याव्यात. सूचक म्हणून बाईंचे नाव होते. सही तीच, खाली दोन रेघा.

बाईंनी ते दोनदा वाचले.

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती," त्या म्हणाल्या.

"असेल."

"तेव्हा सगळे एकमताचे होते."

"न वाचता कसं कळणार, बाई?"

बाईंनी वही मिटली. "तुम्ही फारच बोलायला लागलात," एवढे म्हणून त्या गेल्या. राग होता असे वाटले नाही. जिन्यात त्यांनी कोणाला तरी फोन लावला आणि वकील बदलायला सांगितले.

घरी या विषयावर पहिल्यांदा बोलणे झाले ते सुनावणीच्या नऊ दिवस आधी, रविवारी दुपारी जेवणे झाल्यावर. मुलगी आली होती. वहीकाकांची बायको शिवणाच्या मशीनपाशी बसली होती. तिने मान वर न करता सुरुवात केली.

"एक्केचाळीस वर्षं दुसऱ्यांची मतं लिहिलीत. आता तुम्हाला मत विचारलं तर घाम फुटलाय."

"मत नाही विचारणार गं. वेळ विचारतील."

"मग घड्याळ बघून सांगा."

मुलगी हसली नाही. "बाबा, मी वकिलांकडे जाऊन आले. नीट ऐका. फक्त परवाच्या ठरावाचं सांगितलंत, की आधी लिहिला होता, तर तो एक ठराव पडेल. पडू दे. पण ही रीतच आहे असं म्हणालात, तर मंडळ मागं जाईल. माझी उमेदवारी कुठल्या वहीत आहे?"

"एकोणचाळीस. पान चौऱ्याण्णव."

"वाचला होता तो ठराव?"

"तू होतीस की तिथं. दाराजवळ, निमंत्रितांत."

"होते. म्हणूनच विचारतेय."

मशीन थांबले.

"माझी एकटीची गोष्ट नाही," मुलगी म्हणाली. "सगळ्यांच्याच उमेदवाऱ्या तशा. सगळा पक्षच तसा. आपल्याच माणसानं फांदीवर बसून फांदी तोडायची का? मला खुर्चीचं काही नाही, बाबा. पण एकशे ऐंशी घरं राहिलीत. दुसरा कोणी आला तर तो पाइप आपल्या गल्लीकडं वळवील, आणि हे लोक पुन्हा टँकरच्या मागं धावतील."

"मग मी काय करू म्हणतेस?"

"खोटं बोला म्हणत नाही. विचारतील तेवढंच सांगा. एक अक्षर जास्त नाही."

"एवढं करीन."

"शब्द?"

"शब्द."

पुढचा आठवडाभर वहीकाका नेहमीप्रमाणे नऊला कचेरीत जात राहिले. कचेरीला दोन्ही गटांनी दोन कुलपे लावली होती. दोन किल्ल्यांशिवाय दार उघडत नसे, त्यामुळे रोज सकाळी दोन्हीकडचे एकेक माणूस यायचा आणि दोघे शेजारी शेजारी उभे राहून, एकमेकांकडे न बघता, दार उघडून द्यायचे. आत गेल्यावर वहीकाका जुन्या वह्या चाळीत बसत. खोडलेल्या ओळी मोजून त्यांनी एका कागदावर वहीवार आकडे मांडले. तो कागद त्यांनी कोणालाही दाखवला नाही आणि साक्षीला जाताना सोबतही नेला नाही.

सुनावणी मंगळवारी सकाळी साडेदहाला सुरू झाली. निवडणूक मंडळाचे तीन सदस्य. मधोमध अध्यक्ष, डावीकडे निवृत्त न्यायाधीश, उजवीकडे एक सदस्या, ज्यांनी सकाळभर तोंड उघडले नव्हते. वहीकाकांना अकरा वाजून वीस मिनिटांनी बोलावले गेले. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि एक्केचाळिसावी वही पिशवीत आणली होती.

आधी बाईंच्या वकिलाने विचारले. "पान एकशे अठ्ठ्याऐंशीवरचा ठराव तुम्ही किती वाजता लिहिलात?"

"नऊ वाजून दहा मिनिटांनी."

"सभा किती वाजता सुरू झाली?"

"अकराला."

मागच्या बाकांवर हशा पिकला. अध्यक्षांनी पेनने टेबलावर टकटक केली.

"सभेत ठराव वाचला गेला?"

"नाही."

बाईंचा वकील बसला. त्याचे काम झाले होते. उपाध्यक्षांचा वकील उठला. तो उंच, हळू बोलणारा गृहस्थ होता. त्याने उपाध्यक्षांच्या कानात काहीतरी विचारले, उपाध्यक्षांनी आधी नकारार्थी आणि मग नाइलाजाने होकारार्थी मान हलवली.

"काका, ही परवाचीच गोष्ट की पक्षाची पद्धतच अशी?"

"पद्धत अशीच आहे."

"बाई मंत्री झाल्या तेव्हाही?"

"तेव्हाही."

"म्हणजे ज्या पद्धतीनं बाई दोनदा उमेदवार झाल्या, त्याच पद्धतीनं आमच्या पक्षकारांची निवड झाली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं चालत नाही." वकील मंडळाकडे वळला. "रूढी आहे, महोदय. सर्वांनी मान्य केलेली रूढी."

डाव चांगला होता. बाई वकिलाकडे झुकून घाईघाईने काही सांगू लागल्या. अध्यक्ष साक्ष संपवण्याच्या बेतात होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि वहीकाकांना जायला सांगण्यासाठी हात उचललासुद्धा. त्याच वेळी उजवीकडच्या सदस्या पहिल्यांदा बोलल्या.

"एक मिनिट. काका, वाचून दाखवलेला शेवटचा ठराव कोणता, आठवतो तुम्हाला?"

सभागृहात मुलगी दुसऱ्या रांगेत बसली होती. वहीकाकांनी तिच्याकडे पाहिले नाही, असे तिच्या शेजारी बसलेल्यांनी सांगितले. ते किती वेळ गप्प होते याबद्दल मतभेद आहेत. मंडळाच्या ध्वनिमुद्रणात तो वेळ चौदा सेकंद आहे.

"वही चोवीस, पान बासष्ट," ते म्हणाले. "एकोणीस वर्षं झाली."

"ठराव काय होता?"

"यापुढं ठराव वाचू नयेत, हा."

या वेळी कोणी हसले नाही. उजवीकडच्या सदस्यांनी पुढचा प्रश्न विचारला: त्यानंतर एकही नाही? वहीकाका म्हणाले, एकही नाही. साक्ष अकरा वाजून एकोणपन्नास मिनिटांनी संपली.

दोन्ही गटांच्या वकिलांनी बाहेर आल्यावर पत्रकारांना एकच वाक्य सांगितले, साक्षीदाराचे वय झाले आहे. दोघांनी एकमेकांना न विचारता ते सांगितले. सभा मोडल्यापासून दोन्ही गटांचे एखाद्या गोष्टीवर एकमत होण्याची ही पहिली वेळ.

दुपारी चार वाजता मंडळाने आदेश दिला. चोवीस ते एक्केचाळीस क्रमांकाच्या अठरा वह्या जमा कराव्यात. नाव आणि निशाणी दोन्ही तूर्त गोठवावीत. आणि शिडीच्या निशाणीवर निवडून आलेल्या, सध्या पदावर असलेल्या एकशे एकतीस प्रतिनिधींना नोटीस पाठवावी.

नोटीस एका पानाची आहे. तिच्यात एकच प्रश्न आहे: आपल्या उमेदवारीचा ठराव सभेत वाचला गेला होता काय? होय किंवा नाही, सहीनिशी. उत्तर नाही असेल किंवा उत्तर आले नाही, तर निवडीची चौकशी होईल आणि तोवर पदाचे काम थांबेल. उत्तर होय असेल आणि वह्यांत त्याविरुद्ध काही सापडले नाही, तर साक्षीदाराचे म्हणणे ग्राह्य धरले जाणार नाही. वह्यांत पान बासष्टचा तो ठराव सोडला तर काही सापडण्यासारखे नव्हते, आणि तो पुढे पाळला गेल्याची नोंद कुठेच नव्हती. ठराव वाचला की नाही, हे कोणत्याच वहीत लिहिलेले नसते.

आदेशाच्या दुसऱ्या दिवशी मुलगी घरी आली. चहा झाला. बायकोने मशीनवर कापड लावले आणि तसेच ठेवले.

"विचारलं म्हणून सांगितलंत," मुलगी म्हणाली.

"विचारलं."

"आणि नसतं विचारलं तर?"

"तर घरी आलो असतो."

"मला होय लिहायला सांगतायत सगळे. दोन्हीकडचे. उपाध्यक्षांचा फोन आला, बाईंचा आला. बाई म्हणाल्या, अगं, म्हातारा माणूस, विसरतो."

"बाई माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या आहेत," वहीकाका म्हणाले.

"तुम्ही सांगा, बाबा, काय लिहू?"

"ते मी नाही सांगणार."

"एरवी एवढं लिहून देता लोकांना."

बायको मध्ये पडली. "बस झालं. तिला होय लिहू द्या. तुम्हाला काय, दोन दिवस लोक विसरभोळा म्हणतील. बाप आहात ना तुम्ही?"

"लिही म्हणत नाही आणि नको म्हणत नाही. तिची सही आहे."

मुलीने नोटीस घडी घालून पर्समध्ये ठेवली. जाताना तिने वडिलांना औषध वेळेवर घ्यायला सांगितले आणि आईला पुढच्या आठवड्यात दाताच्या डॉक्टरकडे नेईन म्हणाली.

अठरा वह्या गुरुवारी मंडळाकडे जमा झाल्या; वहीकाकांनी पोच घेतली. मुलीच्या वॉर्डातले काम नोटिशीनंतरही चालू आहे आणि पाइप एकशे एकाहत्तराव्या घरापर्यंत आला आहे. उत्तराची मुदत सोमवारी संध्याकाळी पाचला संपते.

शनिवारी दुपारी बारापर्यंत मंडळाच्या कचेरीत एकशे एकतीसपैकी एकशे अठरा उत्तरे आली होती. उपाध्यक्षांच्या गटाची, बाईंच्या गटाची आणि कोणत्याच गटात नसलेल्यांची. एकशे अठराही उत्तरांत होय लिहिलेले आहे. उरलेल्या तेरांत वहीकाकांच्या मुलीचे उत्तर आहे. ते अजून आलेले नाही.